थोरलीचा गणपती

माझ्या धाकट्या जावेचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा कुणी माझ्या तोंडून हे वदवून घ्यायला आलं असतं, तर उखळातला लगदा मी त्याच्या थोबाडावर फेकला असता.

आमचं घर सुतारांचं, कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या गाडीरस्त्यालगत. पुरुषमाणसं गाड्यांची चाकं आणि नांगर करायची आणि आम्ही बायका कागदाच्या पेट्या करायचो. कर्जत स्टेशनातली रद्दी ओझ्यानं मिळे. ती घंगाळात चार दिवस भिजत घालायची, उखळात कुटायची, मेथीचं पीठ घालून मळायची म्हणजे कसर लागत नाही. मग पालथ्या तांब्यावर नाहीतर मडक्यावर हा लगदा थापायचा आणि वाळला की अलगद सोडवायचा. वरून चिंचोक्याची खळ, खडूच्या पाण्याचा पांढरा हात, आणि शेवटी ठसे. लाल शाई हिंगुळाची. काळी हिरड्याच्या काढ्यात गंजके खिळे टाकून केलेली. एक ठाकरीण या पेट्या पाटीत घालून नेरळवरून माथेरानला चढवायची. वर हवा खायला आलेले साहेब आणि पारशिणी त्या घेत. लग्नसराईत आणखी एक काम असे, लग्नपत्रिकांचं. मजकूर कुणीतरी लिहिता माणूस बोरूनं लिही, त्याच्या भोवतीची वेलबुट्टी आम्ही छापून देत असू.

ठसे कोरायचं काम माझं. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले तसं त्यांनी त्यांची बारीक पटाशी माझ्या हातात दिली. शिवणीचं लाकूड घ्यायचं, ते मऊ असतं आणि फाटत नाही. बोटं कापत कापत मी शिकले. मग लोक म्हणायला लागले, थोरलीची वेल बघावी, पेटीवर चढल्यासारखी दिसते. ते एक वाक्य मी बारा वर्षं लोणच्यासारखं पुरवून पुरवून खाल्लं.

आणि मग दिराचं लग्न झालं आणि ही बया आली.

रंगानं सावळी, अंगानं काडी, बोलायला मवाळ. तिला आईबाप नव्हते. कर्जतला भावाकडे वाढलेली. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, त्या इंजिनांवर तिचा भाऊ खलाशी होता. आगगाडीच्या डब्याडब्यांमध्ये धक्का झेलणारे दट्टे असतात ना, त्यांच्या आत रबराच्या जाडजूड चकत्या बसवलेल्या असत. फुटली की फेकून देत. त्यातली एक चकती, भाकरीएवढी, हिच्या वळकटीत होती. सासरी येताना पोरी हौसेची एखादी वस्तू आणतात. हिनं आणलं काळं रबर! आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी तर चांगली खदखदून हसले.

पहिल्याच पावसाळ्यात तिनं त्या रबराचा तुकडा कापला, चाकू पाण्यात बुडवून बुडवून त्यावर आंब्याचं पान कोरलं आणि पेटीच्या गोल झाकणावर दाबलं. माझा लाकडी ठसा गोलाव्यावर टेकला की मध्ये उमटे आणि कडेला उपाशी राही. कडा मी नंतर काडीनं भरून काढायची. तिचं रबर झाकणाच्या अंगाला अंग लावून बसलं. उचललं तर शिरांसकट पान.

"आक्का, बगा बरं कसं झालंय," ती म्हणाली.

"बरं आहे," मी म्हटलं आणि चुलीत फुंकर घालायला वळले. धूर नव्हताच. डोळे मात्र भरून आले.

काय सांगू, तिथून माझं पोट जे दुखायला लागलं ते दुखतच राहिलं. ती गोठ्यात गेली की मी तिच्या पेट्या हातात घेऊन बघे. एक तरी शाई पसरलेली असेल, एक तरी पान तिरकं असेल. मेलं एकही नसे. एकदा तिच्या चार ओल्या पेट्या मी उन्हातून उचलून सावलीला सरकवल्या. त्यांना बुरशी आली. ती बिचारी म्हणाली, ऊन फिरलं असंल, आणि पुन्हा लगदा कुटायला बसली. मला वाईट वाटलं का? नाही. मला वाटलं, आता चार पेट्या तरी मागे पडली.

ठाकरीण यायची आणि म्हणायची, "धाकटीच्या पेट्या आधी द्या. वरती त्याच इचारतात."

तळपायाची आग मस्तकात जायची. बारा वर्षं मी लाकडाशी झटले आणि ही आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली, असं मी विहिरीवर सांगत फिरे. बीळ काही आयतं नव्हतं, हे मलाही कळत होतं. रबर कापताना तिची बोटं माझ्यापेक्षा जास्त कापायची.

तिसऱ्या वर्षी माघात खालापूरच्या एका इनामदारांकडून निरोप आला. मुलीचं लग्न होतं. दीडशे पत्रिका, आणि जवळच्या नातेवाइकांना पत्रिकेबरोबर द्यायला कुंकू-अक्षतांच्या चाळीस डब्या. कागद त्यांचा, उंची जुन्नरी. नुसती वेल नको, पत्रिकेवर आणि डबीच्या झाकणावर गणपती पाहिजे. आजवर आमच्या घरात देव कुणी छापला नव्हता. हे काम ज्याच्या हातून होईल त्याच्या हाताचं नाव खालापूरपासून कर्जतपर्यंत होणार, हे घरातल्या मांजरालाही कळत होतं.

सासूबाईंनी दोघींना बसवलं. "दोगी बी एकएक गणपती कापा. बेस व्हईल तो जाईल."

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ठशात जे डावीकडे असतं ते कागदावर उजवीकडे उमटतं. पान, मोर, कोयरी असली तर कुणाचं काही अडत नाही, मोर इकडे बघितला काय नि तिकडे बघितला काय. गणपतीचं तसं नाही. घरोघरचा गणपती डाव्या सोंडेचा. उजव्या सोंडेचा देव कडक, त्याचं सोवळंओवळं फार, तो ऐऱ्यागैऱ्यानं पुजायचा नसतो. म्हणून मी आधी कागदावर गणपती काढला, कागदाला तेल लावून तो पालथा लाकडावर चिकटवला आणि आरपार दिसणाऱ्या रेघेवरून कोरला. ही युक्ती सासूबाईंनी मला शिकवली होती. मी ती धाकटीला कधी दाखवली नाही. ती विचारत नव्हती आणि मी कशाला सांगू?

तिनं सरळ रबरावरच गणपती काढला, डोळ्यांना दिसतो तसा. दोन दिवसांनी दुपारी मी भाकऱ्या थापत होते तेव्हा ती छाप घेऊन आली.

मी कागद हातात घेतला आणि माझ्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. असा गणपती मी जन्मात केला नसता. पोट कसं भरलेलं, डोळे बारीक, मुकुटातली नक्षी तांदळाएवढी आणि तरी मोजून घ्यावी अशी. आणि सोंड उजवीकडे.

"आक्का, सोंड इकडं आली," ती म्हणाली. "आपल्या घरच्याची तिकडं असती ना? चालंल का?"

चांगली विचारायला आली होती. माझ्याच दारी. एका शब्दाचं काम होतं.

"चालतं की," मी म्हटलं. "देवाला कसलं आलंय डावं न् उजवं!"

तिचा चेहरा असा खुलला! "तुमी म्हनलात म्हंजे झालं."

संध्याकाळी सासूबाईंनी दोघींचे छाप मांडीवर ठेवले. त्यांना दिसत होतं ते नुसतं लाल काहीतरी. त्या म्हणाल्या, "थोरले, माजे डोळे तूच. खरं सांग, कुनाचा चांगला?"

मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, "धाकटीचा."

बघा माझं डोकं! माझा म्हटलं असतं तर तिचा गणपती फडताळात राहिला असता आणि लोक म्हणाले असते, सासूनं थोरलीला झुकतं माप दिलं. मला तिचा गणपती खालापूरला जायला हवा होता. इनामदारांच्या ओसरीवर, दहा माणसांत तो उघडायला हवा होता.

"नीट बगितलास ना?"

"बघितला, आत्याबाय."

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मोठ्या मनाची गं माजी सून," म्हणाल्या. दिरानंही मान डोलावली. मी खाली बघत राहिले, आणि सगळ्यांना वाटलं लाजले.

आमच्याकडे रीत होती की नव्या ठशाचा पहिला छाप देव्हाऱ्यात ठेवायचा. तो उजव्या सोंडेचा गणपती आठ दिवस आमच्या देव्हाऱ्यात होता आणि दिवा लावायची पाळी माझी. रोज वात पेटवताना मी त्याच्याकडे बघायचं टाळे. हात जोडायचे तेही घाईघाईनं. तरी मनात मांडे चालूच. आता इनामदारीण पत्रिका उघडील, आता किंचाळेल, आता ती काडी रडत परत येईल. इकडे धाकटी दिवसभर छापत होती. दीडशे पत्रिका, चाळीस झाकणं. वाळत घातल्या की ओसरी लाल दिसायची. येणारीजाणारी माणसं थांबायची, वा वा करायची. सोंडेकडे कुणाचं लक्ष जात नव्हतं, एवढं काम देखणं होतं. वा वा ऐकून मी आत जाऊन जात्यावर बसे.

पोचवायचा दिवस आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मानाचं काम आहे, थोरलीनं जावं. मी पोट धरून झोपले. मला दुरून ऐकायचं होतं, समोर उभं राहायचं नव्हतं. धाकटी दिराबरोबर बैलगाडीनं गेली.

दिवेलागणीला परत आली ती गाठोडं जसंच्या तसं घेऊन.

सांगितलं दिरानंच. इनामदारांच्या आईनं पहिली पत्रिका डोळ्यांशी नेली आणि झटकन खाली ठेवली. म्हणाली, "अगं बाई, हा तर उजव्या सोंडेचा! घरोघरी जाणार, कुणाच्या पायाखाली येणार, कुणी अडगळीत टाकणार. माझ्या नातीच्या संसाराला हे कशाला लावून देता?" ओसरीवरची माणसं उठून आली. कुणी म्हणालं, मुद्दाम केलं असेल. दीर गयावया करून आला होता. कागद त्यांनी नवा दिला, चार दिवसांची मुदत दिली, आणि नाही झालं तर पुन्हा या घराचं तोंड बघणार नाही म्हणाले.

सगळं मी मागितलं होतं तसंच झालं होतं. मी चुलीपाशी बसून ऐकत होते आणि तव्यावरची भाकरी करपत होती.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग तोंड माझ्या दिशेनं करून म्हणाल्या, "थोरले, तू तर बगितला हुतास."

मी करपलेली भाकरी उतरवली. आणि तेवढ्यात धाकटी बोलली.

"त्यांनी बगितला तो येगळा, आत्याबाय. त्याची कड तुटली म्हून मी मागाहून दुसरा कापला. घाईत व्हते. आक्कास्नी दावलाच नाय."

सरळ, स्वच्छ खोटं. माझ्याकडे न बघता.

आणि मी काय केलं? मी ते चालू दिलं. सासूबाई म्हणाल्या, "मग ह्येच्या फुडं देवाच्या कामाला तू हात नाय लावायचा. ते थोरली करील." धाकटीनं मान हलवली. एवढंच.

देव छापलेला कागद जाळता येत नाही, फेकता येत नाही. विसर्जनच करावं लागतं. दुसऱ्या दिवशी झाकणांवरचे गणपती ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं गाठोड्यात घातलं आणि दोघी गाठोडं घेऊन नदीवर गेलो. फाल्गुन लागला होता, नदी आटलेली. एका डोहात काय ते पाणी. ती एकेक पत्रिका पाण्यावर ठेवत होती आणि हिंगूळ कागदावरून सुटून पाण्यात जात होता. एवढ्या दिवसांचं काम. तिनं एकदाही नाक ओढलं नाही.

मला राहवलं नाही. "का खोटं बोललीस गं?"

"काय करनार? दोगींचं बी नाव कशाला घालवायचं?"

"मी तुला चालतं म्हटलं होतं."

"हां. आनि तुमाला ठावं व्हतं चालत नाय." एक पत्रिका तिनं बोटानं खाली दाबली. "तुमी जळता माज्यावर. मला काय दिसत नाय व्हय? पेट्या सावलीला कुनी नेल्या ते बी ठावं हाय."

मी दगडावर बसले.

"राग नाय आला?"

"आला की. लई आला. काल गाडीत येताना ठरवलं, घरात शिरले की सगळ्यांफुडं सांगायचं. मग वाटलं, बाकीचे नुसते छान छान म्हनतात. कायबी केलं तरी छान. तुमी एकट्याच हाय ज्या माजं काम नीट बगता. खोड काढायला बगत असाल, पन रेघ न् रेघ बगता. आत्याबायनं तुमाला कामावरनं काढलं असतं तर माजं काम बगनारं कोन ऱ्हायलं असतं?"

मी गाठोड्यातल्या उरलेल्या पत्रिका तिच्या हातात देत राहिले. तिचं एवढं मन असावं आणि माझं नसावं, याचासुद्धा मला हेवा वाटला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

घरी येऊन मी माझा लाकडी गणपती काढला. पत्रिकांवर बरा उमटला. डब्यांच्या गोल झाकणांवर मात्र पोट तेवढं उमटे, सोंड आणि कान गडप. आणि दोन्हींवर एकच गणपती पाहिजे होता. मी रबर कापायला बसले. चाकू घसरला, अंगठा कापला, रबराचा चुरा झाला. दोन दिवस गेले. सासूबाई दुपारच्या पडल्या होत्या. गोठ्यात मी तिसरा तुकडा वाया घालवला तेव्हा धाकटीनं माझ्या हातातून चाकू काढून घेतला.

"पालथं कसं काडायचं तेवढं दावा," म्हणाली.

मी तेल लावलेला कागद रबरावर पालथा ठेवून दाखवला. तिच्यापासून तीन वर्षं दडवलेली युक्ती सांगायला पाण्याचा घोट घ्यावा तितका वेळ लागला. ती कापत गेली. मी तिच्या हाताकडे बघत बसले. डाव्या सोंडेचा गणपती झाला, पहिल्याहून सरस.

"आता तुमी छापा," ती म्हणाली. "माजा हात नको. आत्याबायला शबूद दिलाय."

मी छापल्या. दीडशे पत्रिका, चाळीस डब्या. मी स्वतः खालापूरला नेल्या. इनामदारांच्या आईनं पत्रिका कपाळाला लावली. मला पाटावर बसवून खणानारळानं ओटी भरली आणि म्हणाली, "धाकटीनं घालवलं होतं, थोरलीनं राखलं. हात आहे की काय!" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या पाटावर कळलं. मी घरी येऊन खण धाकटीला द्यायला गेले. ती नको म्हणाली, तुमच्या अंगाला शोभंल. खरंच नको होता की टोचायचं होतं, कोण जाणे. मला टोचलं.

तेव्हापासून थोरलीचा गणपती हे नाव पडलं. खालापूर, कर्जत, पार नेरळपर्यंत. लग्नसराई आली की माणसं तेच मागत येतात. दरवर्षी एक रबर झिजतं, दरवर्षी ती गोठ्यात बसून नवं कापते, दरवर्षी मी छापते. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली. आता शब्द पाळायचा तरी कुणासाठी? पण ती कधी काही बोलली नाही आणि मी विषय काढला नाही. लोक माझ्या हाताचं कौतुक करतात आणि मी ऐकते, आणि मला माझ्याच नावाचा हेवा वाटतो. असलं दुखणं कुणाला सांगितलं तर हसेल.

गेल्या पंधरवड्यात एक जोडपं आलं. माणूस पागोट्यातला, बायको अंगभर शालू नेसलेली. पहिल्या मुलीचं लग्न. ओसरीवर आम्ही दोघी वाल सोलत होतो. दोघींचे केस पांढरे. माणूस म्हणाला, "थोरल्या बाई कोणत्या? आमच्या घरात तुमची जुनी डबी आहे. असा गणपती कापणारा हात मुंबईतसुद्धा नाही म्हणतात. हा हात एकदा बघायचा होता."

धाकटी वालाच्या शेंगेत नख घालून तशीच थांबली. वर बघितलं नाही. तिचे हात मांडीवर होते, बोटांवर चाकूचे पांढरे वण. बाईनं माझा हात स्वतःच्या हातात घेतला आणि डोळ्यांना लावला.

मला बोलायचं होतं. देवाशपथ, या खेपेला मला बोलायचं होतं. मी तोंड उघडलं.

"किती पत्रिका?" मी विचारलं.